वाळूवरची साय

हे माझ्या पत्नीला ठाऊक नव्हते; ती गेली. मुलांनाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका.

सत्तरच्या दशकात मी शिरूर तालुक्यात पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर होतो. भीमेच्या काठच्या एका गावी वाळूचा गाळण-हौद बांधला होता. नदीचे पाणी वाळूतून संथ झिरपे आणि नळाला नितळ येई. खरे काम मात्र वाळूचे नव्हते. वाळूवर शेवाळी, बुळबुळीत साय धरते. तिच्यातले सूक्ष्म जीव गाळ आणि रोगजंतू अडवतात. साय फार दाटली की खरवडायची, आणि नवी धरेपर्यंत आठ दिवस पाणी गावाला न देता ओढ्यात सोडायचे. हे किसनला मीच शिकवले. किसन बौद्धवाड्यातला, हौदावरचा रोजंदारी नोकर. सगळे गाव त्याच्या हातचे पाणी पीत होते — काहींना ते रुचत नव्हते, हेही मला माहीत होते.

पुण्याहून पाहुणे योजना पाहायला येणार होते. आदल्या दिवशी सरपंच हौदात डोकावले.

"सायेब, पाव्हण्यांना ही घान दाखवणार व्हय? म्हशी लोळवल्या का काय हितं?"

सगळे हसले. मलाही हसावे लागले — लागले कसले? मी हसलो.

मग किसनला साय खरवडायला सांगितले. तो हलला नाही. "सायेब, पानी तर उद्याच पाव्हण्यांम्होरं गावाला सोडायचं हाय. तुम्हीच म्हनला व्हता न्हवं, आठ दिस थांबायचं?"

"मला शिकवतोस?" मी म्हणालो.

त्याने फावडे उचलले.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ वाळू पाहून पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. पाणी गावाला सोडले. जंतू मारायची ब्लीचिंग पावडर तालुक्याहून आलेली नव्हती. मी ते कोणाला सांगितले नाही.

आठवड्याच्या आत गावात हगवण लागली. तीन वर्षांची एक मुलगी दौंडला नेताना वाटेतच गेली. गाव म्हणाले, किसनने पाण्यात हात घातले. आणि चौकशीच्या कागदावर मी काय लिहिले? 'नोकराचा निष्काळजीपणा.' खाली सही केली. किसनला काढून टाकले. तो बायकामुलांसह पाटसकडे ऊसतोडीला गेला.

जाण्यापूर्वी तो माझ्याकडे आला. वाटले, भांडेल. भांडला असता तर — पण तो भांडला नाही.

"नव्या मानसाला तेवढं आठ दिसांचं सांगा सायेब," एवढेच म्हणाला.

मी हो म्हणालो. आणि सांगितले नाही. कसे सांगणार होतो? नव्या माणसाने विचारले असते — मग तेव्हा का थांबला नाहीत?

पुढे त्या नव्या माणसाने साय खरवडली आणि त्याच संध्याकाळी गावाच्या नळाची झडप उघडली. मी शेजारीच उभा होतो. बायका कळश्या घेऊन नळाकडे येत होत्या. मी घड्याळ पाहिले आणि शिरूरची एसटी पकडली.