घशातलं फिटिंग

माझी बायको घास फुफ्फुसात जाऊन वारली. लकव्यानंतर तिला नीट गिळता येत नव्हतं, भरवायचो मीच. तो घासही मीच भरवला होता. आणि आता लोक मला शरीराचं कौतुक ऐकवायला येतात.

तेराव्यानंतर फतेगंजातले एक रिटायर प्राध्यापक आले, आमच्या मराठी मंडळातले. चहा ओढत म्हणाले, "भाऊ, शरीर म्हणजे देवाचं अजब यंत्र. एकेक अवयव हेतू धरून बनवलेला. वहिनींच्या जाण्यातही काही हेतू असेल."

मी सातवी शिकलेला. नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात पाइप फिटर होतो, सगळा जन्म त्यातच गेला. म्हटलं, "साहेब, हवेची नळी पुढे, अन्नाची मागे, दोघींचं तोंड एकच, आणि वर एक लवलवीत झाकण. अॅसिड आणि पाण्याची लाइन मी अशी जोडली असती तर संध्याकाळच्या आत गेटाबाहेर काढलं असतं मला. तुमच्या देवाची नोकरी पक्की दिसते."

"तुम्ही दुःखात आहात," ते म्हणाले.

"दुःखात आहे. आंधळा नाही."

सून शाळेत विज्ञान शिकवते. ओट्यापाशी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "बाबा, कोणी बनवलंच नाही ते. माशांपासून आलंय. काही मासे तोंडाने हवा घ्यायला लागले, हवेची पिशवी त्यांच्या घशालाच फुटली. ज्यांचं त्यावर भागलं त्यांना पोरं झाली, बाकीचे संपले. आज बघणाऱ्याला वाटतं, ठरवून केलंय."

मला लगेच कळलं. कारखाना असाच वाढतो. चालू प्लांट बंद ठेवता येत नाही, मग जुन्या लाइनीला जोड, त्या जोडाला आणखी जोड. जे फुटलं ते भंगारात. नवा इंजिनियर उरलेलं बघतो आणि म्हणतो, वा, काय डोकं लावलंय. डोकं कुणाचं?

"मग वहिनी गेल्या ते उगाचच?" प्राध्यापकांनी विचारलं.

"उगाचच."

अर्धा चहा टाकून गेले. बरं झालं.

सून म्हणाली, "बघा बाबा, घसाच तसा असतो. तुमचा काय दोष?"

चांगल्या मनाची आहे, पण फिटरला हे सांगू नये. लाइन खराब आहे हे ठाऊक असलेला माणूस व्हॉल्व जपून फिरवतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताठ बसवूनच भरवा. त्या दुपारी बायको म्हणाली, "नका उठवू, रहेवा दो." मलाही कंटाळा आला होता. आडवीच असताना मी खिचडीचा चमचा पुढे केला.

सुनेला हे अजून सांगितलेलं नाही.