हत्तीचा चौथा पाय

शेगावात ज्यू घर एकच, तळकरांचं. त्यांची सिपोरा भिंती रंगवायची. एका लॉजच्या भिंतीवरचा तिचा हत्ती मालकाला सोमवारी पुरा हवा होता. शुक्रवारी सूर्य कलला तेव्हा तीन पाय झाले होते. तिने ब्रश धुतला आणि ती शिडीवरून उतरली. शनिवार मावळेपर्यंत ज्यूंचा विश्रांतीचा वार, शब्बाथ; तळकरांकडे काम बंद.

"कलाकाराले काय वार असते?" शौनक म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि तिच्याकडे लग्नाचं उत्तर मागत होता. "रूढी तोड. उद्याच रंगव."

"शिडी धरायले येशील?"

"शनिवारी शाळेले सुट्टी, मी दहापर्यंत झोपतो."

वडील सॅम्युएल यांनी रेल्वेत पस्तीस वर्षं शनिवारीही घण मारला होता. मुलीच्या शनिवारबाबत मात्र ते कडक होते. "ते सरकारचं काम होतं," ते म्हणायचे. "तू भिंती सोड. ठाण्याचं आपल्यातलं स्थळ पाहू."

रविवारी पहाटे सिपोरा निघाली, तर मागून वडीलच शिडी खांद्यावर घेऊन आले. "हत्तीले लंगडा ठेवू नये," असं पुटपुटत त्यांनी शिडी धरली. ठाण्याच्या मुलाचं गुणगान चालूच राहिलं, पण शिडी तसूभर हलली नाही.

अकराला शौनक आला आणि त्याने मोबाईल काढला. "हास ना! खाली लिहितो, रूढी मोडणारी चित्रकार."

"फोटो मंग काढ. बाबाले चहा पिऊ दे, शिडी धर."

"नवा शर्ट आहे ना."

सिपोराने हत्तीच्या चौथ्या पायाची नखं रंगवली आणि मगच ती बोलली.

"मास्तर, तुम्ही जा आता. बाबा, ठाण्याच्या पोराले इचारा, त्याले शिडी धरता येते काय."