पासवर्ड त्यानंच बदलला असणार

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचे कॉम्प्युटर मी सांभाळायचे. मुख्य मशीन, म्हणजे सर्व्हर, एमआयडीसीतल्या कारखान्यात कुलपात असायचं. मी शाहूपुरीतल्या ऑफिसात बसून फोनच्या लाइनवरून त्यात शिरायचे. त्याचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता: मला, आणि हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं येणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला. तो आठवड्यापूर्वी साहेबांशी भांडून नोकरी सोडून गेला होता. पासवर्ड बदलायचा आळस माझाच.

सोमवारी सकाळी पासवर्ड टाकला. प्रवेश नाकारला. परत टाकला, एकेक अक्षर बघत, सावकाश. पुन्हा तेच. साहेब मागं येऊन उभे राहिले.

"त्यानंच बदललाय. जाता जाता डाव साधला बघा."

"मलाही तसंच वाटतंय," मी म्हणाले.

"मग अनुभवाचा दाखला मिळत न्हाई त्याला. बघू काय करतोय."

त्याला फोन लावावा असं मनात आलं होतं. पण तो सावध होईल, आणखी काहीतरी पुसून टाकेल, या भीतीनं लावला नाही. स्कूटी काढून कारखाना गाठला. सर्व्हरसमोर बसून तोच पासवर्ड टाकला, आणि मशीन मुकाट उघडलं.

म्हणजे पासवर्ड बदललाच नव्हता. तरी माझा संशय हटेना, उलट वाढला. समोर बसणाऱ्याला आत घ्यायचं आणि लांबून येणाऱ्याला अडवायचं, ही त्याचीच हुशारी! लांबून येणाऱ्यांचे नियम ज्या फाइलीत असतात ती उघडली. मुख्य खात्याला, म्हणजे आम्ही दोघं वापरायचो त्याच खात्याला, बाहेरून प्रवेश नाही, अशी एक ओळ तिथं होती. त्या ओळीमुळं मशीन पासवर्ड विचारायचं, पण बरोबर असला तरी चूक म्हणायचं. फाइल कधी बदलली ते बघितलं. परवाचा शनिवार. तेव्हा तो नोकरीवर नव्हता, पण लांबून शिरू शकला असता. मग आठवलं.

शनिवारी सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन गेला होता; पासवर्ड टाकून मशीन मीच त्याला उघडून दिलं आणि ऑफिसात परतले होते. त्याला फोन केला.

"सुरक्षेसाठी केलंय मॅडम. तुमच्या साहेबांना सांगितलं होतं मी."

ऑफिसात परतून साहेबांना विचारलं. "कायतरी बोलला हुता खरा," साहेब म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

बाहेरून यायला मी कारखान्यातून निघण्याआधीच एक वेगळं खातं उघडलं होतं. ते चाललं. दाखल्यासाठी मात्र साहेबांच्या चार दिवस मागं लागावं लागलं. सहकारी तो न्यायला आला, तोवर ऑफिसातल्या कुणीतरी त्याच्या कानावर सगळं घातलं होतं.

"तुमीबी माझ्यावरच संशय घेतला व्हय, म्याडम?"

"घेतला. चुकलं माझं."

"एक फोन करायचा की. मशीनसमोर बसून उघडतंय काय बघा, म्हणून सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम."

दाखला पिशवीत घालून तो निघाला. बसा म्हटलं, पण बसला नाही.

तो जिना उतरून गेला आणि मी पासवर्ड बदलला. माणूस सोडून गेला की बदलायचाच असतो, नियमच आहे तो, असं मी स्वतःला बजावलं. पण त्या क्षणी माझ्या मनात नियम नव्हता, त्याचीच भीती होती.