डोक्याच्या वॉर्डातला वस्तरा

आमचे आजोबा इंदूर दरबारच्या फौजेत होते. त्यांची तलवार घरात होती, ती वडिलांनी गंजवली. माझ्या हातात वस्तरा आला. चौथी नापास माणसाला इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली, ती डोक्याच्या वॉर्डात. काम एकच, ऑपरेशनच्या आधी पेशंटचं डोकं भादरायचं. मध्यप्रदेश तेव्हा नवा होता, मीही नवाच होतो.

त्या वॉर्डात डॉक्टरकी शिकणारी पोरं पंधरा-पंधरा दिवसांसाठी यायची. त्याला इलेक्टिव म्हणत. म्हणजे कुठल्या वॉर्डात शिकायचं ते ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं निवडायचं. मर्जीनं आलेले तेवढेच. खाटांवर पडलेल्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांचा नियम होता, ज्याला डोकं नीट भादरता येत नाही त्यानं ते उघडलेलं बघायला उभं राहू नये. म्हणून पोरं आधी माझ्याकडे. मी त्यांना लगेच पेशंट देत नसे. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढायचा आणि माझीच पोटरी पुढे करायचो. "भिया, दुखलं तर सांगा हां," पोरं भावासारखं म्हणायची आणि मी सांगायच्या आत कापायची. वर्षभर माझ्या पोटऱ्यांवर केस टिकत नसत. बायको म्हणायची, "अर्धं कॉलेज तुमच्या पायांवर उभं आहे."

बायका केसांसाठी रडायच्या. मी सांगायचो, "केस आहेत, गवतासारखे परत येतात. रडायचं काय त्यात?" मला वाटायचं, मी धीर देतोय.

मग बायकोचीच नजर कमी व्हायला लागली. मी दारात उभा असलो तरी "कोण आहे?" विचारायची. सरांनी तपासलं. म्हणाले, डोळ्यांच्या नसांवर गाठ दाबतेय, उद्या सकाळी काढू. थांबलो तर आंधळी होईल.

सकाळी साबणाची वाटी आणि वस्तरा घेऊन मी तिच्या खाटेशी गेलो. तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

"तुम्ही नाही."

"अगं, वॉर्डात हे काम माझंच आहे."

"नवरा जिवंत असताना त्याच्याच हातानं डोकं भादरून घेऊ? ते नवरा गेल्यावर करतात. आमच्या आत्याचं बघितलंय मी."

"केस आहेत, परत येतात..."

"केस येतील हो. तुम्ही याल का परत?"

दुसऱ्या वॉर्डातला माणूस बोलावू म्हटलं, तर परक्या पुरुषाचा हात नको. सिस्टर म्हणाली, वस्तरा धरणं माझं काम नाही. सर दोनदा डोकावून गेले. आत टेबल तयार, आणि ही बाई पदर सोडेना.

त्या खेपेला इलेक्टिवला एक मुलगी होती, देपालपूरच्या धान्यवाल्याची. बरोबरची मुलं तिला हसायची. दोनच दिवसांपूर्वी तिनं माझी पोटरी चांगली बोटभर कापली होती, म्हणून मी तिला अजून एकही पेशंट दिला नव्हता. ती पुढे आली.

"काकाजी, मैं कर दूँ?"

मी सरळ नाही म्हणालो. बायकोनं मात्र आवाजाकडे मान वळवली. "हीच का ती पोटरीवाली?"

"हाँ काकीजी, मैं ही हूँ."

"यांना कापलंस ना? चांगलं केलंस. ये, बस. बाईच्या हाताला दोष नाही. आणि तुम्ही, बाहेर."

मी पडद्याबाहेर उभा राहिलो. वस्तरा कुठे फिरतोय ते मला नुसतं ऐकून कळतं. कानाजवळ आला तसा मी ओरडलो, "कातडी ताणून धर! कानामागं हात उलटा!"

"गप बसा हो," आतून बायको. "दिसत मला नाही आणि घाबरताय तुम्ही."

"काकाजी, आप बोलते हो तो मेरा हाथ हिलता है," मुलगी म्हणाली.

मग मी येरझाऱ्या घालायला लागलो. पेशंटचे नातेवाईक त्या पडद्याबाहेर येरझाऱ्या का घालतात, ते तेव्हा कळलं. रोज मीच त्यांना हाकलत होतो.

पडदा सरला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मुलीनं वेणी पट्टीच्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि तीच रडायला लागली. बायको तिला समजावत होती, "केस आहेत गं, गवतासारखे परत येतात."

नजर वाचली. केस आले, आधीपेक्षा दाट, आणि त्याचं श्रेय ती त्या मुलीच्या हाताला द्यायची. पुढे कित्येक वर्षं राजेंद्र नगरच्या घरात ती ते माझ्यासमोर बसून विंचरायची.

गेल्या थंडीत गेली. बायकांनी तिचा मळवट भरला, म्हणाल्या, भाग्यवान, सवाष्ण गेली. म्हणजे माझ्या वस्तऱ्यापासून तिला जे वाचवायचं होतं ते वाचलं. मी जिवंत राहिलो. कशासाठी, ते विचारायचं राहून गेलं.

दहाव्याला घाटावरच्या न्हाव्यानं माझं डोकं भादरलं. कातडी ताणली नाही, कानामागं कापलं. मी काही बोललो नाही. बोललं की हात हलतो.