पोळ्याचा बैल आणि वाशीमचं वॉरंट

आम्ही नागपूरला निघालो तेव्हा गाडीला जुंपलेल्या चांद्याच्या शिंगांना पोळ्याचा रंग तसाच होता. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची कर झाली आणि त्यानंतरच्या सकाळी निघालो. सासूबाई दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत. "भाकर खाल्ल्याबिगर रेल्वेत बसू नको," एवढंच माझ्या धन्यांना म्हणाल्या. धाकट्या दिरानं वाशीम स्टेशनवर सोडलं. तिथून लहान गाडीनं अकोला, मग मोठ्या गाडीनं नागपूर. माझा भाऊ नागपूरच्या गिरणीत होता, त्यानं धन्यांसाठी काम बघून ठेवलं होतं. जायचं उन्हाळ्यातच ठरलेलं होतं.

हे मुद्दाम लिहिते आहे. आम्ही पोलिसांच्या भीतीनं पळालो असं गावात अजून बोलतात. परवा पुतण्याच्या सुनेनं मलाच विचारलं, "मोठ्या आजी, तुमी रातोरात गेल्ता म्हंतेत, खरं काय?" नाही बाई. उजेडात गेलो, सगळ्या गावासमोर गेलो. वॉरंट निघालं ते मागाहून.

झालं होतं असं. पोळ्याच्या आदल्या दिवशी चांद्या दावं तोडून पाटलाच्या ज्वारीत शिरला. पाटलाच्या गड्यानं त्याला हाकत नेऊन कोंडवाड्यात घातलं. दंड भरून सोडवायचा, तर कोंडवाड्याचा मुन्शी रिसोडला गेलेला. पोळ्याची सकाळ उजाडली तरी त्याचा पत्ता नाही. सासूबाई चुलीपुढून उठल्या. "आजच्या दिवशी माह्या घरचा बैल कोंडवाड्यात उपाशी राहीन काय? जाय, घेऊन ये त्याले!" धन्यांनी आईपुढे कधी तोंड उघडलं नाही. गेले, फाटकाचा अडसर काढला, बैल घरी आणला. त्याला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, झूल घातली, तोरणाखाली नेला, पुरणपोळी चारली.

आणि संध्याकाळी परत नेऊन कोंडवाड्यात घातला. अडसरही नीट लावला. सरकारचा बैल सरकारला परत, असा त्यांचा हिशेब. तुम्ही हसाल, पण आमच्या घरात कोणालाही यात काही चूक वाटली नाही.

मधल्या वेळात मुन्शी येऊन गेला होता. कोंडवाडा रिकामा बघून तसाच तडक पोलीस ठाण्यात गेला आणि बैल पळवल्याची फिर्याद देऊन आला. करीच्या दिवशी धन्यांनी दंड भरला, मुन्शीनं मुकाट्यानं घेतला आणि बैल सोडला. त्याला वाटलं प्रकरण मिटलं. आम्हाला तर प्रकरण आहे हेच ठाऊक नव्हतं. पण कागद पुढे गेला होता. समन्स आलं तेव्हा आम्ही नागपुरात. आरोपी सापडत नाही म्हणून वॉरंट निघालं. दिरानं निरोप धाडला, "शिपाई येऊन गेला. दादाले येऊ देऊ नका."

मग वर्षामागून वर्षं गेली. नागपूरचं माझं वाईट नव्हतं. भोंगा वाजला की उठायचं, नळावर भांडायचं, डबा भरायचा. पोरं झाली, शाळेत गेली. मला चाळ आवडली. गावात विहिरीवरून पाणी ओढून माझी कंबर मोडली होती, तिथल्या आठवणीनं रडणारी मी नव्हे. पण धनी पोळ्याला जेवत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दिराचं लग्न त्यांच्यावाचून झालं. मग निरोप आला की सासूबाईंना दिसेनासं झालं आहे, आणि त्या म्हणतात, "डोये पुरे जायाच्या आंधी पोराचं तोंड दाखवा."

मी म्हटलं, "चला."

"आन् पकडलं तं?"

"पकडू द्या. इथं भिंतीले तोंड करून कोणती आझादी भोगून राह्यले?"

ते हलले नाहीत. मग मी एकटीच वाशीमला गेले आणि कोर्टाजवळच्या एका वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसले. वकिलांनी सगळं ऐकलं. बैल परत नेऊन घातला म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"परत नेला? कायले?"

"दंड भरला नव्हता नं, साहेब."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "बाई, पोलिसांनी धरून आणला तर तो फरार. सोताच्या पायानं आला तर हजर. एवढाच फरक आहे, पण लई मोठा आहे. घेऊन या त्याले. आन् जामीन राहाले गावातला एक वजनदार माणूस पाहा."

फी त्यांनी घेतली, फुकट काही केलं नाही. पण काम चोख केलं.

जामीन कोण राहिला? ज्याची ज्वारी बैलानं खाल्ली तोच पाटील. म्हणाला, "ज्वारी माही गेली, अन् कोर्टात बी मलेच उभं करता!" पण आला.

वकिलांचं बोलणं कळल्यावर धनीही आले, स्वतःच्या पायानं कोर्टात हजर झाले. वकिलांनी अर्ज दिला, पाटलानं जामीन लिहून दिला, आणि वॉरंट रद्द झालं. मग मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, बैल काढला का?

"काढला, हुजूर. सांजच्याले नेऊन घातला."

साहेबांनी मुन्शीकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय हुजूर. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं बैल आत. शिंगं रंगवेल, तोंडाले पुरण."

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले, पण गुन्हा तो गुन्हा. कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. म्हणजे तिथेच खाली बसून राहायचं. धनी भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं बघते तर डोळा लागलेला. गाव सुटल्यापासून हा माणूस दिवसा असा निवांत झोपलेला मी पाहिला नव्हता. कोर्ट उठलं तेव्हा शिपायानंच हलवून जागं केलं, "उठा भाऊ, कैद सरली."

घरी पोचलो. सासूबाईंनी मुलाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "वायला रे, हाडं लागतेत हाताले," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "याले जेवाले देत नाहीस काय वं?" मी म्हटलं, "देतो. पोळ्याले खात नाही." त्या वर्षी पोळ्याला आम्ही गावातच होतो. चांद्या म्हातारा झाला होता, पण तोरणाखाली धन्यांनीच नेला. आदल्या दिवशी मुन्शी घरोघर सांगत फिरला, "ज्याचं जनावर आत असन त्यानं आजच सोडवा. मले परत कोर्ट पाहाचं नाही."

कर झाल्यावर आम्ही पुन्हा नागपूरला निघालो. दिरानं राहा म्हटलं, सासूबाईंनी नाही. "जाऊ दे. आता येता येते त्याले," म्हणाल्या.

त्या गेल्या, धनीही गेले. मी नागपुरातच आहे आणि इथेच मरेन. पण दर पोळ्याला वाशीमची गाडी धरते, करीपर्यंत राहते, आणि भोंगा नाही म्हणून झोप येत नाही अशी कुरकुर करत परत येते. घर कोणतं, असं पोरं विचारतात. मी म्हणते, जिथून निघताना कोणी अडवत नाही आणि परत जाताना कोणाला भ्यावं लागत नाही, ते. माझी तशी दोन आहेत.