विम्बल्डनच्या रांगेतली बेरिल

बेरिल हकस्टेप इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, तेव्हा वर्षभराची रजा साठवून विम्बल्डनच्या पंधरवड्यात उधळायची. नवरा एकदा म्हणाला, या जुलैत समुद्रावर जाऊ. ती म्हणाली, "समुद्र ऑगस्टमध्येही असतो." पुढे नवरा गेला, नोकरी संपली, तिकिटाची रांग मात्र तिने सोडली नाही.

रांगेत तिला ग्विलिम भेटायचा. तो वेल्सचा, निवृत्त पोस्टमन. वर्षातून एकदाच गाठ पडायची, पण कालच बोलणं अर्धं राहिल्यासारखे दोघं सुरू व्हायचे.

"यंदा म्हातारी दिसतेस," त्या सकाळी ग्विलिम म्हणाला.

"आणि तू गेल्या वर्षीच दिसत होतास," बेरिल म्हणाली. त्याचा चेहरा तिला दिसला नव्हता. आवाजावरून ओळखलं होतं.

हिवाळ्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध करडा डाग धरला होता. कडेचं दिसे, जिकडे रोखून पाहावं तेच पुसलं जाई. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. हिरवळीवर, उजेडात, चेंडू तरी दिसेल अशी तिची समजूत होती.

त्यांना बाहेरच्या एका छोट्या कोर्टावर अगदी पुढची जागा मिळाली. एक पोरगेलासा स्पॅनिश खेळाडू आणि एक उंच झेक. बेरिलने सर्व्हिस करणाऱ्याकडे पाहिलं की तो नाहीसा व्हायचा. मग तिने पंचाच्या उंच खुर्चीवर नजर लावली. तेव्हा कडेला पांढरं काहीतरी हललं. चेंडू नव्हताच. ती ऐकत राहिली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की वाजवू लागली.

दुसऱ्या सेटमध्ये सगळ्यांच्या तोंडून एकदम "ओह" निघालं. कुणीतरी भारी फटका मारला असेल असं वाटून बेरिलने जोरात टाळ्या पिटल्या. एकटीनेच. आजूबाजूच्या टोप्या तिच्याकडे वळल्या.

"अगं, तो स्पॅनिश पोरगा पडलाय," ग्विलिम कुजबुजला. "गुडघा धरून बसलाय बिचारा."

तिचे हात मांडीवर पडले. पोरगा उठून पुन्हा खेळायला लागला, तेव्हा तिने ग्विलिमला डोळ्यांचं सगळं सांगितलं.

"आधी बोलायचं नाही का? मी सांगत जातो तुला," तो म्हणाला आणि सुरूही झाला. "सर्व्हिस डावीकडे. परत आला. आता झेक पुढे धावला, आणि..." तिथेच तो थांबला. खेळ रंगला होता. तो खुर्चीच्या कडेवर सरकून पाहत होता. बेरिलने कोपराने ढोसलं नाही. इतकी वर्षं तीही अशीच बसायची.

सेट संपल्यावर ती उठली.

"मी सोडायला येतो."

"बस तू. मॅच सोडून कोणी उठतं का?"

तो फाटकापर्यंत आला. "पुढच्या वर्षी सांगेन नीट. घरी सराव करतो."

"पुढच्या वर्षी मी नाही यायची, ग्विलिम."

त्याने तिचा हात धरला, काहीतरी म्हणायला गेला. तेवढ्यात आत टाळ्या कडाडल्या आणि त्याची मान तिकडे वळली. कडेने तिला तेवढं दिसलं.

"जा," ती म्हणाली.

तो आत गेला. पुढच्या जुलैत तिने रेडिओ लावून पाहिला. निवेदक घाईघाईने कुणाकुणा नव्या पोरांची नावं घेत होता. त्यातल्या एकालाही तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिने रेडिओ बंद केला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तशीच बसून राहिली.