जित्या माणसाचा करगोटा

तेजराम खलाशी कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. साकोलीकडचा शेतकरी गडी; खलाशी म्हणजे दर्यावरचा नव्हे, उंचावर लोखंड चढवणारा. भिलाईत पोलादाची भट्टी उभी राहत होती, तेव्हा शंभर फुटांवर लोखंडी तुळईवर बसून खुशाल तंबाखू मळायचा. धास्ती एकाच गोष्टीची, कमरेचा करगोटा सुटायची. त्यांच्यात करगोटा तोडतात तो मेल्यावर, तिरडीवर ठेवण्याआधी. बापाचा त्यानंच आपल्या हातानं तोडला होता.

आणि नेमकं त्याचंच पोट दुखायला लागलं.

इस्पितळातले एक्स-रेवाले कृष्णराव नागपूरचे, तोंडानं फटकळ. "करगोटा काढ ना बाप्पा! चांदीचा गोफ, तांब्याचे ताईत, भोकाचे पैसे... पोटाचा फोटो काढाचा हाये का सराफाच्या दुकानाचा?"

तेजरामनं बायकोकडे पाहिलं. मनकर्णानं साफ सांगून टाकलं, "नाई सोडाचा. जित्या माणसाचा सोडते का कोनी?"

निघाला मग फोटो करगोट्यासकट. दुखऱ्या जागेवर नुसते पांढरे डाग, खालचं काही दिसेना. 'उद्या हे काढून या,' असं डॉक्टरांनी बजावलं. कशाची जातायत! मनकर्णानं ओवा चारला, हिंग चोळला. आपण नवऱ्याला वाचवलं, म्हणून मनातून खूश होती बिचारी.

चौथ्या दिवशी पोट तट्ट फुगलं, हिरव्या ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी खाटेवर घालून आणलं. या खेपेला कृष्णराव रागावलेसुद्धा नाहीत, आणि त्यावरूनच मनकर्णा काय ते समजली. तिनंच कात्री मागितली, तिनंच करगोटा कापला.

डॉक्टर ओल्या फिल्मकडे बघत राहिले. "आँत मरोड़ खा गई है. काली पड़ गई होगी. पेट अभी खोलेंगे, लेकिन उम्मीद कम है."

"त्या दिवशीच दिसलं असतं तं?" तिनं कृष्णरावांना विचारलं.

कृष्णरावांनी मान खाली घातली. "वाचला असता, बाई."

ती बाहेर आली. स्ट्रेचरवर पडलेल्या तेजरामनं मोकळ्या कमरेवरून हात फिरवला आणि चक्क हसला.

"पाह्यलं, मनकर्णे? उगीच भेलो आपन. करगोटा सुटला, तरी मी जिताच आहो."

"हाओ जी," मनकर्णा म्हणाली, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार येईस्तोवर तिनं त्याचा हात सोडला नाही.